जेसीबीचा टायर: भाव विचारण्याआधी जमीन सांगा

डिझेल रोज भरावं लागतं, म्हणून त्याचा हिशेब डोक्यात असतो. टायरचा खर्च मात्र एकदम अंगावर येतो. एकच जेसीबी आणि डोक्यावर बँकेचा हप्ता असेल, तर दुकानात गेल्यावर तोंडातून पहिला प्रश्न निघतो, ‘सगळ्यात स्वस्त कुठला?’ त्याआधी मशीन कुठल्या जमिनीवर चालतं, हे दुकानदाराला सांगा.

साइज जुन्या टायरवर छापलेली असते. टू-व्हील ड्राइव्ह जेसीबीला, म्हणजे बॅकहोला, बहुधा मागे 16.9-28 आणि पुढे 9.00-16 लागतो, फोर-व्हील ड्राइव्हला पुढे बहुधा 12.5/80-18. तरी मशीनचं मॅन्युअल पाहून खात्री करा, कारण आधीच्या मालकाने भलताच टायर चढवलेला असू शकतो.

खरी फसगत इथून पुढे होते. 16.9-28 ही साइज ट्रॅक्टरलाही येते आणि 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायरवर जीएसटी 5 टक्के आहे, बॅकहोच्या नव्या टायरवर 18. फरक बघून हात तिकडेच जातो. पण नक्षी पाहा. शेतीच्या ‘आर-1’ टायरच्या पट्ट्या उंच, अरुंद आणि लांब-लांब असतात. नांगरलेल्या रानात त्या पकड घेतात. डांबरावर किंवा मुरमावर सगळा भार त्या थोड्याशा रबरावर येतो आणि पट्ट्या भराभर झिजतात. बॅकहोला ‘आर-4’ हवा: पट्ट्या रुंद, कमी उंच, आणि टायरची बांधणी बकेटचा भार धरून केलेली. शिवाय तुमची जीएसटी नोंदणी नियमित असेल, कंपोझिशनमधली नसेल, तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. म्हणून भाव कर वगळूनच ताडून पाहा.

आता जमीन. आपल्याकडचा काळा पाषाण फुटला की त्याच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. क्रशरवर, खाणीत टायर झिजण्याआधी बाजूने कापला जातो. तिथे वरचं प्लाय रेटिंग आणि जाड साइडवॉल यांसाठी जास्त पैसे मोजावेत, हे माझं ठाम मत आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात नक्षीत चिखल भरून राहतो, तेव्हा पट्ट्यांमधली फट महत्त्वाची. गावोगाव रस्त्याने फिरणाऱ्या मशीनला उष्णता छळते. टायरमध्ये हवा कमी असेल तर जास्तच.

चांगल्या कंपनीच्या मागच्या टायरला ढोबळमानाने 25 ते 35 हजार रुपये धरा, पुढच्याला त्याहून कमी. तीन दुकानांतून लेखी भाव घ्या. ट्यूब, फ्लॅप आणि फिटिंग त्यात आहे का, तेही विचारा. मग तासाचा हिशेब करा. समजा, 30 हजारांचा टायर 3000 तास चालला, तर तासाला 10 रुपये पडले. 24 हजारांचा 2000 तासांतच गुळगुळीत झाला, तर 12 रुपये. आपला खरा आकडा हवा असेल तर टायर बसवताना अवर मीटरचं रीडिंग वहीत लिहून ठेवा.

टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे साइडवॉलवर असतात. 2325 म्हणजे 2025 सालचा 23 वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल त्यावरून ओळखता येतो.

टायर शक्यतो जोडीनेच बदला. फोर-व्हील ड्राइव्हला पुढच्या-मागच्या टायरच्या घेराचं प्रमाण बिघडलं, तर ताण गिअर आणि अॅक्सलवर जातो. ती दुरुस्ती टायरपेक्षा महाग पडते. हवा सकाळी, टायर थंड असताना, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे तपासा.

टिपरसारखी लॉक रिंग असलेली डिस्क असेल, तर टायर पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरून घ्या. रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि समोरचा माणूस जागीच जातो. ज्याच्याकडे पिंजरा नाही, त्या दुकानात पोराला टायरसमोर बसवून हवा भरू देऊ नका, मग किती का उशीर होईना.

बिलावर टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीचा दावा करताना तो लागतो. वॉरंटी साधारणपणे कारखान्यातल्या दोषाला मिळते, दगडाने कापलेल्या टायरला नाही.