बेडकाची त्वचा आणि शेतातील पाणी

मृगाच्या जोरदार सरींनी भातखाचरांत पाणी साचले की, उन्हाळाभर कोठे दडून होते याचा पत्ता नसलेले बेडूक एका रात्रीत बांधाबांधांवर ओरडू लागतात. इतके दिवस जमिनीत राहून, तोंडाने पाण्याचा थेंबही न पिता ते जिवंत राहिले कसे, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर बेडकाच्या कातडीत आहे. शेतात औषध फवारले असता किडीबरोबर बेडूकही का मरतो, याचेही उत्तर तेथेच सापडते.

आपल्याकडे सर्वत्र आढळणारे दोन प्राणी या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. एक, शेतातला मोठा हिरवट बेडूक, ज्यास बैल-बेडूक असे नाव आहे. महाविद्यालयांतील कित्येक पिढ्यांनी 'राना टायग्रिना' या नावाने त्याचा अभ्यास केला. आता त्याचे शास्त्रीय नाव 'हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' असे आहे. दुसरा, घराच्या ओट्यावर किंवा रस्त्यावरील दिव्याखाली किडे टिपीत बसलेला खरबरीत अंगाचा भेक. बोलण्यात आपण दोघांनाही बेडूकच म्हणतो आणि त्यात फारशी चूकही नाही. कारण भेक हे बेडकांच्याच मोठ्या गणातील एक कुल होय.

दोघांच्याही शरीराचे डोके आणि धड असे दोनच भाग दिसतात. मान वेगळी दिसत नाही, आणि प्रौढ अवस्थेत शेपूट नसते. बसलेल्या बेडकाच्या पाठीवर जो उंचवटा दिसतो, तेथे कमरेचे हाड पाठीच्या कण्याला जोडलेले असते. पुढच्या पायांना चार व मागच्या पायांना पाच बोटे असतात. बैल-बेडकाच्या मागच्या बोटांमध्ये पोहण्यास उपयोगी असा पडदा असतो. भेकाचा पडदा अपुरा व पाय आखूड असल्यामुळे तो लांब उडी न मारता टुणटुण चालतो. डोळ्यामागची वाटोळी चकती म्हणजे कर्णपटल. बाहेरचा कान या प्राण्यांना नसतोच. डोळे बटबटीत व वर आलेले असतात आणि ते घास गिळण्यासही मदत करतात. घास घेताना डोळे मिटून आत ओढले जातात व भक्ष्य घशाकडे ढकलले जाते. विणीच्या दिवसांत बैल-बेडकाचा नर पिवळाधमक होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. ज्यांनी हे दृश्य पाहिलेले नाही, त्यांनी पहिल्या मोठ्या पावसानंतर शेताच्या कडेला अवश्य जावे.

त्वचेची रचना

बेडकाच्या अंगावर खवले नाहीत, पिसे नाहीत, केसही नाहीत. उघडी, ओलसर त्वचा हेच त्याचे सारे आवरण होय. तिचे दोन थर असतात. वरची बाह्यत्वचा अत्यंत पातळ असते. आपल्या कातडीवर मृत पेशींचा जाड, पाणी अडविणारा थर असतो. बेडकात तो जेमतेम एखाद्या पेशीएवढा असतो. हा थर ठरावीक काळाने सुटतो. बेडूक तो पायांनी ओढून काढतो आणि बहुधा खाऊन टाकतो. खालच्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे, रंजक पेशी आणि ग्रंथी असतात. पिवळा रंग देणाऱ्या, प्रकाश परावर्तित करणाऱ्या आणि काळ्या अशा तीन प्रकारच्या रंजक पेशी एकावर एक असल्यामुळे त्वचा हिरवी दिसते. वास्तविक हिरवे रंगद्रव्य तेथे सहसा नसतेच. त्वचा खालच्या स्नायूंना सर्वत्र चिकटलेली नसते. मध्ये लसीकेने भरलेल्या पोकळ्या असतात, म्हणून हातात धरलेल्या बेडकाची कातडी सैल लागते.

ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. श्लेष्मल ग्रंथी सतत बुळबुळीत द्रव सोडून अंग ओले ठेवतात. विषग्रंथींचा स्राव शत्रूला दूर ठेवतो. भेकाच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंस जे लांबट फुगवटे दिसतात, त्यांत या विषग्रंथी एकवटलेल्या असतात. कुत्र्याने भेक तोंडात धरला की त्याच्या तोंडाला फेस येतो, तो यामुळेच. हे विष हृदयावर परिणाम करणारे असले तरी भेकाला नुसता हात लागल्याने माणसास अपाय होत नाही. हात धुवावेत आणि तोपर्यंत डोळे चोळू नयेत, एवढे पुरे. भेकाच्या स्पर्शाने अंगावर चामखिळी उठतात हा समज मात्र निराधार आहे. माणसाच्या चामखिळी विषाणूमुळे होतात, भेकाच्या अंगावरील गाठी त्याच्या त्वचेचाच भाग असतात.

पाणी, हवा आणि मीठ

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. रॉबर्ट टाउनसन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस पाळलेल्या बेडकांवर निरीक्षणे करून ते त्वचेवाटे पाणी शोषतात असे दाखविले. भेकाच्या पोटाखाली, मांड्यांच्या मधल्या भागात त्वचा विशेष पातळ व रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. ओल्या मातीवर तो हा भाग टेकवून बसतो आणि मातीतील ओल अंगात घेतो. जास्तीचे पाणी मूत्राशयात साठते व कोरड्या दिवसांत तेथून परत रक्तात येते. उचलल्याबरोबर भेक जो द्रव सोडतो तो पुष्कळदा हा साठाच असतो. मुलांनी गंमत म्हणून भेक उचलला म्हणजे त्याचे उन्हाळ्यातले पाणी सांडते, हे शिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखे आहे.

डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी १९०४ साली असे सिद्ध केले की, बेडूक प्राणवायू मुख्यतः फुप्फुसांवाटे घेत असला तरी कार्बन डायऑक्साइड बहुतांशी त्वचेवाटे बाहेर टाकतो. याच देशातील हान्स उसिंग यांनी १९५० च्या सुमारास बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन द्रवांच्या मध्ये ताणून बसविला आणि तो तुकडा बाहेरच्या बाजूचे सोडियम आत खेचतो, हे विजेच्या प्रवाहावरून मोजून दाखविले. अर्थात डबक्यातील अल्पस्वल्प मीठही बेडूक कातडीनेच मिळवितो. मात्र हे सारे त्वचा ओली असेपर्यंतच चालते. पाऊस लांबला म्हणजे काही भागांत बेडूक बांधून, कडुलिंबाचे डहाळे घेऊन धोंडी काढतात. त्या उन्हात फिरविलेल्या बेडकाची त्वचा वाळते, श्वासोच्छ्वासास अडथळा येतो आणि ज्याच्याकरवी पाऊस मागावयाचा तोच प्राणी दगावतो.

जे पाण्याला खुले तेच विषालाही खुले असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बेडकाच्या व डुकराच्या त्वचेची तुलना करण्यात आली. काही तणनाशके बेडकाच्या त्वचेतून शंभर पटींहून अधिक वेगाने आत गेल्याचे आढळले. जर्मनीत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणातच सात कृषिरसायने लहान बेडकांवर फवारली असता, सात दिवसांत त्यांपैकी ४० ते १०० टक्के बेडूक मेले. प्रमाणातले औषध निर्धोक, हा विश्वास बेडकाच्या बाबतीत टिकत नाही. आणि हा बेडूक शेतकऱ्याचा गडी आहे. टोळ, नाकतोडे, अळ्या, भुंगेरे, एवढेच काय, खेकडे व उंदरांची पिलेही बैल-बेडूक खातो. एके काळी परदेशातील भोजनासाठी या बेडकांचे पाय आपल्या देशातून वर्षाकाठी हजारो टन जात असत. १९८७ साली केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. कोकण-गोव्यात पावसाळ्याच्या आरंभी चोरून होणारी शिकार अजून थांबलेली नाही. परंतु शिकारी निदान पकडता येतो; फवारणी उघड्यावर, कायदेशीरपणे आणि नेमकी बेडूक खाचरात असताना होते.

येथे ग्रामपंचायतीस काही करता येण्याजोगे आहे. फवारणीचे पंप व डबे ओढ्यात, तळ्यात वा विहिरीच्या कडेला धुण्यास मनाई करता येते. बांधांवरील गवत तणनाशकाने जाळण्याऐवजी विळ्याने कापावे, असा आग्रह धरता येतो. पहिल्या पावसानंतरच्या काही रात्री, जेव्हा बेडूक खाचरांत अंडी घालतात, तेव्हा फवारणी टाळण्याविषयी कृषी सहायकाच्या मदतीने शेतकऱ्यांशी बोलता येते. शाळेसाठी तर खर्चही नाही. हात पाण्याने ओले करून, अंगावरील साबण वा तेल नीट धुऊन, बेडूक क्षणभर ओंजळीत घ्यावा, मुलांना कर्णपटल, बोटे व पडदा मोजून दाखवावा आणि जेथून घेतला तेथेच सोडावा. कोरड्या हाताने धरल्यास त्याचा ओलावा पुसला जातो.

सिंधुदुर्गातील आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर 'झँथोफ्रिन टायगेरिना' हा लहानसा भेक राहतो. त्याचे वर्णन २००९ साली प्रथम प्रसिद्ध झाले. दगडातील उथळ खळग्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात तो अंडी घालतो. या खळग्यांत पाणी बोटभरही खोल नसते, आणि वाहनांतून गळलेले तेल किंवा पर्यटकांनी टाकलेला कचरा पावसाबरोबर तेथेच येऊन साचतो.