वयात येणाऱ्या मुलांशी बोलणे

प्रश्न : मुलगी दहाची, मुलगा तेराचा. लैंगिक आरोग्याविषयी घरात कधी बोलावे? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : आताच. मुलींत वयात येण्याची लक्षणे साधारण ८ ते १३, मुलांत ९ ते १४ या वयात दिसू लागतात. पाळीची माहिती पाळी येण्याआधी हवी. समोर बसवून केलेल्या उपदेशापेक्षा शेतात काम करताना किंवा एसटीच्या प्रवासात सहज निघालेला विषय मुले मोकळेपणाने ऐकतात. मुलग्यांना वगळणे ही मोठी चूक. झोपेत वीर्यपतन हा आजार नाही आणि समोरच्याचा नकार मानायचाच असतो, हे वडिलांनी सांगावे. मुलीच्या प्रेमाची कुणकुण लागताच शाळा सोडवून लग्न उरकणे घातक आहे, अठराआधी बेकायदाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम (२०१४) १० ते १९ वयोगटासाठी आहे. त्याखालील सरकारी ‘मैत्री क्लिनिक’मध्ये समुपदेशन मोफत मिळते.