कोडेकचं बिऱ्हाड हलवताना

उबुंटूसाठी लिहिलेला आपला कोडेक इन्स्टॉलर फ्रीबीएसडीवर न्यायचं काम आता तुझ्याकडे आलंय, म्हणून काही गोष्टी सांगून ठेवते.

पहिले दोन दिवस एकही नवी ओळ लिहू नकोस. जुनी स्क्रिप्ट वाच आणि कागदावर मांड: कुठली फाईल येते, कुठे जाते, तिला शोधत कोण येतं. विंडोजच्या डीएलएल उतरवून घेणाऱ्या ओळी दिसतील. रिअल आणि विंडोज मीडियाचे काही प्रकार दुसऱ्या कशाने उघडतच नसत, तेव्हा एमप्लेअर त्या डीएलएल वापरायचा. त्या ३२ बिटी इंटेल यंत्रांपुरत्या होत्या. आज त्यातलं बहुतेक सगळं एफएफएमपेग स्वतःच वाचतं. ती अडगळ इथेच टाक.

मग स्क्रिप्टची पहिली ओळ बघ. मी हे काम प्रथम केलं तेव्हा अख्खी संध्याकाळ तिच्यापायी गेली. फाईल समोर दिसत होती, चालवायची परवानगीही दिलेली होती, आणि टर्मिनल म्हणत होतं, 'सापडली नाही'. सापडत नव्हता तो बॅश! फ्रीबीएसडीबरोबर बॅश येतच नाही. वेगळा बसवला तरी तो 'बिन'मध्ये न जाता 'युएसआर-लोकल'खाली जातो. साध्या 'एसएच'मध्ये लिही, प्रश्न मिटेल. 'सेड'ने फाईल जागच्या जागी बदलताना तिथे बॅकअपचं शेपूट सांगावंच लागतं, रिकामं का असेना. यंत्राचा प्रकार विचारलास तर उबुंटू 'एक्स८६_६४' सांगतो आणि फ्रीबीएसडी 'एएमडी६४'. स्क्रिप्टमध्ये त्यावर फाटा असेल तर तो तपास.

फाईली हाताने कॉपी करू नकोस. तिथल्या 'पीकेजी'कडून बसव, म्हणजे नोंद राहते आणि काढतानाही सगळं स्वच्छ निघतं.

परवाने मात्र शांतपणे वाच. एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम २०१७ मध्येच बंद झाला, तिथे काळजी नाही. एच.२६४ चं तसं नाही. ओपनएच२६४ ची रॉयल्टी सिस्को भरते, पण फाईल सिस्कोने स्वतः बांधलेली असेल आणि वापरणाऱ्याच्या यंत्रावर तिच्याकडूनच उतरली असेल तरच. आपण सोर्सवरून बांधली, किंवा सोय म्हणून इन्स्टॉलरमध्येच घालून दिली, की ते छत्र गेलं. माझ्या मते या कामातली सगळ्यात महाग चूक हीच.

चाचणी कोऱ्या यंत्रावर कर. तुझ्या यंत्रावर आधीच इतकं काही बसलेलं असतं की इन्स्टॉलर काय विसरला ते कळतच नाही. डिकोडरच्या यादीत नाव दिसलं म्हणून थांबू नकोस, खरी फाईल लाव आणि कान देऊन ऐक. माझ्याकडे जुन्या फोनवर काढलेली बारशाची थ्रीजीपी फाईल आहे. चित्र एच.२६३, आवाज एएमआर. अर्धवट इन्स्टॉलरवर पाळणा हलताना दिसतो, पण म्हणणाऱ्या बायकांचा आवाज येत नाही. ती तुला आज पाठवते. पाळणा ऐकू आला की मला कळव.