केदाह : भाताचे कोठार, समुद्राचे दार

चेन्नईत शिकणाऱ्या आपणा मराठी मुलांना तंजावर परके नाही. तेथील बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजे भोसले यांनी १८०३ मध्ये मराठ्यांचा इतिहास कोरून घेतला. त्याच मंदिरात राजेंद्र चोळाच्या विजयांची यादी देणारा, सुमारे हजार वर्षे जुना तमिळ शिलालेख आहे. त्यात ‘कडारम’ हे नाव येते. इतिहासकारांच्या मते कडारम म्हणजे आजच्या मलेशियातील केदाह. सुमारे १०२५ मध्ये चोळांचे आरमार बंगालचा उपसागर ओलांडून तेथे पोहोचले.

इतक्या दूर स्वारी का केली, हे नकाशा पाहिला की कळते. केदाह मलाक्का सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी आहे. भारत आणि चीनमधील व्यापार या वाटेने चाले. १,२१७ मीटर उंचीचा गुनुंग जेराई डोंगर ही खलाशांची खूण होती. त्याच्या पायथ्याच्या बुजांग खोऱ्यात प्राचीन हिंदू व बौद्ध देवळांचे अवशेष सापडले आहेत. मेरबोकच्या संग्रहालयात ते पाहता येतात.

आजचे केदाह मुख्यतः शेतीचे राज्य आहे. सपाट भातशेतीमुळे त्याला मलेशियाचे भाताचे कोठार म्हणतात. राजधानी आलोर सेतारमध्ये भाताचे संग्रहालय आणि १९१२ सालची, काळ्या घुमटांची झाहीर मशीद आहे. लंकावी बेटांना २००७ मध्ये युनेस्कोचा जिओपार्क दर्जा मिळाला.

पण आपण छात्रांनी केदाहचा आणखी एक धडा लक्षात ठेवावा. उत्तरेकडून सयामचा धाक होता, म्हणून सुलतानाने संरक्षणाच्या आशेने १७८६ मध्ये पिनांग बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिले. कंपनीने बेट घेतले, पण लष्करी मदत दिली नाही. १७९१ मध्ये सुलतानाने बेट परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. १८२१ मध्ये सयामने केदाह जिंकले, तेव्हाही कंपनीचे सैन्य आले नाही.

हे वाचताना वसईचा तह आठवतो. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावानेही कंपनीचे संरक्षण स्वीकारले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. तेथे कंपनीची फौज आली, केदाहला आली नाही. राज्य मात्र दोघांनीही गमावले.

मित्रांनो, केदाहला कधी गेलात तर लंकावीच्या किनाऱ्याबरोबर क्वाला केदाहचा नदीमुखावरील जुना किल्लाही पाहा. आपल्या दाराची राखण आपणच करायची असते, हे तेथे उभे राहिल्यावर अधिक पटेल.