मूळ पान स्वतः बघ

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचलं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातल्या मुलींच्या शाळांविषयी तू जीव ओतून लिहिते आहेस. म्हणूनच तुझ्या तळटिपांविषयी जरा लांबलचक लिहिते, कंटाळू नकोस.

जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाचा आधार तू ठिकठिकाणी घेतला आहेस, पण प्रत्येक वेळी अलीकडच्या कुठल्या तरी पुस्तकातून. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी त्या पुस्तकांत आहे आणि तुझ्याकडेही आली. ती सक्ती निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत असावी, असं मूळ निवेदनात म्हटलं आहे; हे वय मात्र तुझ्या प्रकरणात कुठेच नाही. त्याहून मोठी गोष्ट निवेदनाच्या शेवटी आहे. मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रसार अधिक सढळ हाताने व्हावा म्हणून आयोगाने उपाय मंजूर करावेत, अशी विनंती करून जोतीराव थांबतात. तुझा विषयच हा! तुझ्या प्रबंधाला सगळ्यात जवळचं वाक्य तुझ्या प्रबंधात नाही, कारण ज्यांच्या पुस्तकांतून तू उतारे घेतलेस त्यांना ते लागलं नव्हतं. दुसऱ्याने निवडलेल्या उताऱ्यावर विसंबलं की त्याचा प्रश्नही आपल्या नकळत आपला होतो.

निवेदन मुळात इंग्रजीत आहे, तारीख १९ ऑक्टोबर १८८२. मुंबई इलाख्यातल्या साक्षी आणि निवेदनं यांचा आयोगाचा खंड १८८४ मध्ये कलकत्त्याला छापला गेला, त्यात ते आहे. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या, राज्य साहित्य संस्कृती मंडळाच्या जोतीरावांच्या १९६९ च्या समग्र वाङ्मयातही ते मिळेल. पण समग्र वाङ्मयाच्या पुढे सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि पृष्ठांक बदलले. तेव्हा हातात कोणती आवृत्ती आहे ते शीर्षकपृष्ठ उघडून बघ आणि तेच वर्ष लिही.

जुने सरकारी अहवाल हवे असतील तर गोखले संस्थेच्या ग्रंथालयात जा, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जा. कॅटलॉगमध्ये पुस्तक सापडलं नाही म्हणून परत फिरू नकोस. ग्रंथपालांना नीट विषय सांग. आयुष्य त्या कपाटांत गेलेली माणसं असतात ती. ड्यूईच्या वर्गीकरणात शिक्षण ३७० पासून सुरू होतं. परवानगी असेल तर त्या रांगेसमोर सावकाश उभी राहा, हव्या असलेल्या पुस्तकाच्या शेजारचं पुस्तकही काढून बघ.

संगणकावर शोधताना आजचे शब्द वापरलेस तर थोडंच मिळेल. त्या काळचे कागद ‘गर्ल्स एज्युकेशन’पेक्षा ‘फीमेल एज्युकेशन’ जास्त म्हणतात, मराठी शाळेला ‘व्हर्नाक्युलर स्कूल’ म्हणतात, गावठी शाळांना ‘इंडिजिनस’. फुले हे नावही इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं, पुण्याचं स्पेलिंगही वेगळं. हे सगळे पर्याय वहीच्या पहिल्या पानावर मांडून ठेव आणि प्रत्येक ठिकाणी सगळे घालून बघ. रा. वि. परुळेकरांनी १८२० ते १८३० मधल्या मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची पाहणी सरकारी दप्तरांतून सिद्ध केली. ते पुस्तक १९५१ चं आहे. त्यांनी दप्तरांचे दाखले कसे दिले आहेत ते पाहण्यासाठी तरी ते वाच.

आधीचं संशोधन पाहायला शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन साठा आहेच. तिथल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीतून वाट काढ, पण सूची उचलू नकोस. एकाची चूक पुढच्या दहा प्रबंधांत तशीच उतरलेली असते. शोधगंगेच्या आधीच्या काळासाठी म. ब. बुच यांनी बडोद्याहून १९७४ मध्ये सुरू केलेली शैक्षणिक संशोधनाची सर्वेक्षणं पाहा, त्यांत जुन्या प्रबंधांचे सारांश आहेत. अमेरिकेतला ‘एरिक’ हा शिक्षणविषयक साठा सिद्धान्ताच्या प्रकरणाला उपयोगी पडेल, पुण्याच्या इतिहासाला फारसा नाही.

आता नोंदींविषयी. संदर्भांच्या नोंदी ठेवणारं झोटेरो मोफत आहे, आजच संगणकावर घाल. पुस्तक हातात असतानाच नोंद पूर्ण कर: लेखक, वर्ष, आवृत्ती, प्रकाशक, पृष्ठांक, आणि कोणत्या ग्रंथालयातली प्रत तेही. नंतर करू म्हणून सोडलेला पृष्ठांक प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात सापडत नाही. मराठी लेखकांची नावं झोटेरो आपोआप ओढून घेतो तेव्हा आडनाव आणि नाव एकाच रकान्यात जाण्याची शक्यता असते. मग फुले ‘ज’खाली जाऊन बसतात. प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घाल. स्वतःचे शब्द आणि उतारा यांत फरक राहावा म्हणून उताऱ्याला अवतरणचिन्हं त्याच क्षणी दे. वाङ्मयचौर्याचे कित्येक आरोप मला वाटतं लबाडीपेक्षा या ढिलाईतून येतात, पण सोसावे सारखेच लागतात.

चॅटजीपीटीसारख्या साधनांना संदर्भ मागू नकोस. ती खऱ्या लेखकाच्या नावावर कधीही न लिहिलेला लेख, वर्ष आणि पृष्ठांकासकट, अगदी खरा वाटावा असा बनवून देऊ शकतात. जे तू उघडून पाहिलं नाहीस ते सूचीत जाता कामा नये. मूळ खरोखरच मिळालं नाही तर ‘अमक्याच्या ग्रंथात उद्धृत’ असं सरळ लिही, त्यात कमीपणा नाही.

संदर्भांची शैली कोणती, हे गाईडना या आठवड्यातच विचार. शिक्षणशास्त्रात बहुधा एपीएची सातवी आवृत्ती चालते, पण विद्यापीठाचा नियम वेगळा असला तर तोच पाळावा लागेल, आणि मराठी ग्रंथांची नावं देवनागरीत द्यायची की रोमन लिपीत, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घे. १८८४ च्या खंडातली ती पानं झेरॉक्स करून मिळाली की एक प्रत मला पाठव. दुसरं प्रकरण मी त्यानंतरच पुन्हा वाचेन.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या