गव्हाविना विमानप्रवास

माझ्या लेकीला सीलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिचीच रोगप्रतिकारशक्ती तिच्या लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. यावर औषध नाही. जन्मभर ग्लुटेन टाळायचं, एवढाच उपचार. उत्तर भारतातल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आहे. तरीही आपल्याकडे "पोळी चालत नाही" म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "डाएट का?"

निदान झालं तेव्हा ती दुसरीत होती. माझी धाकटी बहीण म्युनिकला राहते, माहेरची दुसरी माणसं दिल्लीला. त्यामुळे विमान काही सुटणारं नव्हतं. घरी स्वयंपाकघर आपल्या हातात असतं. विमानात मात्र आठ-नऊ तास आपण अशा स्वयंपाकघरावर विसंबून असतो, जे आपल्याला दिसतही नाही. या प्रवासांतून जे कळलं ते मांडते आहे. ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालं आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः.

१. तिकीट काढतानाच जेवण नोंदवा

खास जेवणांसाठी विमान कंपन्यांचे चार अक्षरी संकेत ठरलेले असतात. ग्लुटेनविरहित जेवणाचा संकेत 'जीएफएमएल'. फोनवर बोलताना हाच संकेत सांगावा. "गहू नसलेलं काहीतरी द्या" असं म्हटलं की ऐकणारा आपल्या समजुतीप्रमाणे टिपून घेतो. बहुतेक कंपन्यांना ही मागणी उड्डाणाच्या किमान २४ तास आधी लागते, काहींना ४८ तास. मी ती तिकिटाबरोबरच नोंदवते, दोन दिवस आधी फोन करून खात्री करते आणि चेक-इनच्या काउंटरवर पुन्हा विचारते. तिथल्या माणसाला ते जास्तीचं वाटलं तरी विचारते.

विमान रद्द झालं, वेळ बदलली, तिकीट दुसऱ्या विमानावर गेलं, तर जेवणाची नोंद त्याच्यामागे जाईलच याची खात्री नसते. नवीन बोर्डिंग पास हातात आला की पहिला प्रश्न जेवणाचाच विचारायचा. आणखी एक बारीकशी गोष्ट: खास ताटावर सीट नंबराची चिठ्ठी असते. कुणा आजोबांना खिडकीची जागा द्यायला तुम्ही उठलात, तर ते ताट त्यांच्यापुढे जाईल. जरूर उठा, पण हवाईसुंदरीला सांगून.

२. शाकाहारी असाल तर आधीच विचारा

जीएफएमएलमध्ये बहुतेक वेळा चिकन किंवा मासा असतो. एका प्रवाशाला एकच संकेत लावता येतो, त्यामुळे 'शाकाहारी आणि ग्लुटेनविरहित' ही जोडी मागताना अडचण येते. काही कंपन्या विनंतीची टीप लिहून घेतात, काही नाही. भारतीय शाकाहारी किंवा जैन जेवण मागवून हा प्रश्न सुटत नाही. त्यात पराठा, पोळी, रव्याचा शिरा यांपैकी काहीतरी हमखास येतं. फळांच्या ताटाचाही वेगळा संकेत आहे. पोट त्याने भरत नाही, पण डबा सोबत असेल तर शाकाहारी माणसाला मला तोच मार्ग बरा वाटतो.

३. तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं

कंपन्यांचे आपसांत करार असतात, त्यामुळे तिकिटावर एक नाव आणि विमानाच्या शेपटीवर दुसरं, असं होतं. जेवण देणार तो विमान उडवणारा. फोन त्याला करा.

४. उपवासाचा फराळ हा आपला खरा आधार

हे कळलं तेव्हा माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. परदेशातल्या आया आपल्या मुलांसाठी महागडे ग्लुटेनविरहित पाव आणि बिस्किटं शोधत असतात. आपल्याकडे साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांचा अख्खा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, आणि त्यात गव्हाचा कण नाही. शिवाय उपवासाच्या फोडणीत हिंग नसतो. हिंगाचं महत्त्व पुढे सांगते.

आमच्या डब्यात काय असतं? राजगिऱ्याचे लाडू, लाह्या आणि गुळाचे. ते टिकतात, चुरा होत नाही, पोटाला आधार देतात. घरून निघताना केलेली साबुदाण्याची खिचडी, पण ती पहिल्या चार-पाच तासांत संपवायची. पातळ पोह्यांचा चिवडा. भाजलेले मखाणे. आणि ज्वारीच्या दशम्या. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलं की भाकरी वातड होत नाही, आणि कोरड्या फडक्यात बांधली तर दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. मात्र दाण्याची ॲलर्जी असलेला कुणी विमानात असेल तर कर्मचारी तशी सूचना देतात. तेव्हा चटणीचा डबा उघडायचा नाही. आपण इतरांकडून जी काळजी मागतो ती आपणही घ्यायलाच हवी.

डबा हे मुख्य जेवण आणि विमानातलं ताट मिळालं तर त्यावरची भर, असा हिशेब मी ठेवते. हा हिशेब पक्का झाल्यापासून लेकीचं प्रवासात अडलेलं नाही.

५. गहू दिसत नाही तिथेही असतो

पोळी, पाव, शेवया, रवा, मैदा हे कुणीही ओळखेल. धोका असतो तो आपल्या घरच्या, विश्वासाच्या पदार्थांत. प्रवासाला मेतकूट-भाताची पुडी बांधून देणाऱ्या सासूबाईंना मी कशी नाही म्हणू? पण मेतकुटात डाळींबरोबर गहू भाजून घातलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. धपाट्यांत ज्वारीबरोबर कणीक मिसळतात. सातूचं पीठ तर पूर्ण वर्ज्य. सातू म्हणजेच जव. सासूबाईंना एकदा सगळं नीट सांगितलं. तेव्हापासून त्या नातीसाठी तांदूळ आणि डाळींचं वेगळं मेतकूट करतात.

आता हिंग. डबीतला बांधानी हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो. तो तीव्र असतो म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. हे पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं, काही कंपन्या तांदळाचं वापरतात. डबी उलटी करून घटक वाचायचे. सांबार, वरण, कढी, चिवडा, जिथे फोडणी तिथे हा प्रश्न आहे. म्हणूनच विमानतळावर मला इडलीची भीती वाटत नाही, सांबाराची वाटते. डोसा मागितला तर त्याच तव्यावर रवा डोसा होतो का, हे विचारते.

तिसरी जागा गिरणी. ज्वारी गव्हानंतर त्याच जात्यातून दळली गेली, तर ती ज्वारी माझ्या लेकीच्या कामाची नाही. गिरणीवाल्यांनी कितीही मनापासून झाडून घेतलं तरी हवेत उडणारी कणीक कुठे जाणार? आम्ही घरघंटी घेतली. ती परवडत नसेल तर अखंड तांदूळ, साबुदाणा, पोहे, लाह्या निवडाव्यात. मात्र तेही सुटे न घेता बंद पाकिटातले, घटक वाचून. भारतात 'ग्लुटेनविरहित' छापायचं तर किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे.

६. तपासणीत अडेल असं डब्यात ठेवू नका

आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रव नेता येत नाही. दही, लोणचं, पातळ चटणी, तूप हे सगळं त्यातच धरलं जाऊ शकतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही आपल्याकडे विमानात नेऊ देत नाहीत, कारण तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. चिवड्यात खोबऱ्याचे काप घालायचं मी तेव्हापासून सोडलं. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र डब्याच्या पिशवीतच वर ठेवावं. आजाराचं नाव, आहार हाच उपचार आहे, आणि सोबत अन्न बाळगणं गरजेचं आहे, ही तीन वाक्यं पुरतात.

७. 'थोडंसं' चालत नाही, हे न लाजता सांगा

एका रात्रीच्या उड्डाणात ताट अगदी बरोबर आलं होतं. झाकणावर जीएफएमएलची चिठ्ठी, आत भात, चिकन, उकडलेल्या भाज्या, बाजूला सॅलड, आणि पारदर्शक पाकिटात सीलबंद केलेला वेगळा पाव. लेकीने काटा हातात घेतला. तेवढ्यात मागून पावाची टोपली आली आणि चिमट्याने उचललेला एक गरम पाव थेट सॅलडवर ठेवला गेला. देणाऱ्या मुलीने प्रेमानेच दिला होता. शेजारचे काका म्हणाले, "अहो, उचला आणि बाजूला ठेवा, त्यात काय!"

त्यात काय, ते सांगते. गव्हाच्या पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन असतं. सीलिॲकच्या रुग्णांना रोज अवघं ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तेव्हा त्यांच्या आतड्याला इजा झाली, असं २००७ सालच्या एका इटालियन अभ्यासात दिसलं. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग. पाव उचलला तरी सॅलडवर पडलेला चुरा उचलता येत नाही.

सॅलड परत गेलं. झाकलेला भात शाबूत होता, तो तिने खाल्ला, आणि वर दशमी. त्या मुलीला मी सगळं समजावून सांगितलं. नाश्त्याच्या वेळी तिने हात धुऊन, ताट वेगळं धरून आणून दिलं. तेव्हापासून विमानात शिरल्यावर, ताटं निघायच्या आधीच, मी कर्मचाऱ्यांना गाठते आणि एकच सांगते: हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, आजार आहे, आणि चिमटा, पाव, चुरा यांपासून ताट लांब ठेवा. ऐकणारी माणसं चांगली असतात. सांगावं मात्र लागतं.

८. गरम पाणी मागा

सोबत आणलेला डबा विमानात बहुधा गरम करून मिळत नाही. गरम पाणी मात्र सहसा मिळतं. केबिनमधला हवेचा दाब सात-आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असल्याने तिथे पाणी ९२-९३ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून नुसत्या पाण्यात शिजवायचा बेत करू नये. पोह्यांना तेवढं पुरतं. घरी मोहरी, कढीपत्ता, दाणे यांची फोडणी करून त्यात पोहे कोरडेच परतायचे, मीठ-साखर घालून झाकणाच्या डब्यात भरायचे. वर गरम पाणी, दहा मिनिटं झाकण. हिंग अर्थातच नाही.

९. मुलांना स्वतः बोलू द्या

लेक आता स्वतः विचारते, "यात गहू किंवा जव आहे का?" तिच्या आवाजात संकोच नाही. मी शेजारी असते, पण गप्प. उद्या ती एकटी उडेल तेव्हा हेच कामी येईल.

१०. उतरण्याआधी आणि परतताना

फळं, दाणे, दुधाचे पदार्थ यांच्याबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यांत कडक. तिथे उरलेला लाडूसुद्धा कागदावर जाहीर करावा, नाहीतर जागेवर दंड होतो. न्यूझीलंडमध्ये तो ४०० डॉलर आहे. युरोपात बाहेरून दूध किंवा मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून दुधातल्या दशम्या विमानातच संपवायच्या. पण एकदा उतरलं की तिथे सुख आहे. युरोपीय संघाच्या कायद्याने १४ ॲलर्जीकारक घटक वेष्टनावर उठून दिसतील असे छापावे लागतात आणि त्यात ग्लुटेनची धान्यं आहेत. जर्मनीत 'ग्लुटेनफ्राय' लिहिलेले पाव साध्या किराणा दुकानातही मिळतात. परतीचा डबा मी तिथूनच भरते.

आणि परतीचं जेवण हे वेगळं जेवण असतं. ते दुसऱ्या शहरात, दुसऱ्या स्वयंपाकघरात तयार होतं आणि त्याची नोंदही वेगळी असते. जाताना ताट मिळालं म्हणून येताना मिळेलच असं धरून चालू नका. तुमचं तिकीट आधीच काढून झालं असेल, तर परतीच्या पानावर जीएफएमएल दिसतं आहे का, हे आजच उघडून बघा.