ट्रेलर पाणसळीत आणताना

ट्रॅव्हल ट्रेलर मुक्कामाच्या जागी लागला की तो पाणसळीत आणण्याचे काम ठरलेल्या क्रमानेच करायचे असते. गाडीला जोडलेला असतानाच आधी डावी-उजवी बाजू, मग चाकांना पाचरी, मग जोड सोडवणे, त्यानंतर पुढची-मागची पातळी आणि अगदी शेवटी कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर.

कललेल्या ट्रेलरमध्ये झोप नीट लागत नाही, न्हाणीतले पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचते, टाक्यांचे आकडे चुकतात. हे सोसता येते. फ्रीजचे नुकसान मात्र भरून येत नाही. अनेक ट्रेलरांत, विशेषतः जुन्या, गॅसवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रीज असतो. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधलेल्या या यंत्रात पंप नाही. अमोनियाचे द्रावण तापते, वाफ वर जाते आणि द्रव निव्वळ उताराने परत येतो. ट्रेलर फार कलला की द्रव नळीत अडतो, बॉयलर प्रमाणाबाहेर तापतो आणि गंज रोखण्यासाठी घातलेल्या क्षाराचा थर बसून वाट कायमची बुजते. चालत्या ट्रेलरमध्ये हिंदकळ्यांमुळे द्रव हलता राहतो. धोका उभ्या ट्रेलरला. सर्वसाधारण मर्यादा बाजूने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश. नव्या ट्रेलरांतल्या १२ व्होल्टच्या कंप्रेसर फ्रीजला ही भीती नाही.

दोन फुटी पाणसळ आतल्या फरशीवर आडवी ठेवावी. बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचे टोक उचलावे आणि फट मोजावी. २४ इंचांत १ इंच फट असेल आणि दोन बाजूंच्या चाकांत ७२ इंच अंतर असेल, तर खालची बाजू ३ इंच उचलायची. एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे चढत्या थरांत रचून ट्रेलर त्यांवर हळूच घ्यावा. एका बाजूला दोन चाके असतील तर दोन्ही उचलावीत, नाहीतर सगळा भार एकाच टायरवर येतो.

यानंतरची पायरी सर्वांत धोक्याची. अमेरिकन ट्रॅव्हल ट्रेलरला सहसा हँडब्रेक नसतो. गाडी सुटली की त्याला धरून ठेवणारे पाचरींशिवाय काहीच उरत नाही. ब्लू रिज डोंगरातल्या एका कॅम्पग्राउंडवर भाड्याचा ट्रेलर घेऊन आलेल्या मराठी कुटुंबावर हीच वेळ आली. अंधार पडत आलेला, भारतातून आलेले आजी-आजोबा बाकावर टेकलेले, ट्रेलर ठोकळ्यांवर अगदी बरोबर चढलेला. पाचर एकाच बाजूला, तीही ठोकळ्यावरच्या चाकाला, जेमतेम लावलेली. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरच्या जॅकचे हँडल फिरत गेले, कपलर म्हणजे ट्रेलरची पकड गाडीच्या बॉलवरून सुटली आणि ट्रेलर उताराकडे सरकला. पाचर प्लास्टिकवरून घसरली, जॅकचा पाय खडीत खोल चर पाडत गेला. हातभर गेल्यावर ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या साखळ्या ताणल्या आणि त्यांनी ट्रेलर धरला. साखळ्या अजून काढलेल्या नव्हत्या, एवढ्याच कारणाने तो शेजारच्या तंबूपर्यंत पोचला नाही.

म्हणून जमिनीवर असलेल्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून घट्ट पाचर लावावी. जोडचाकांच्या मधल्या फटीत आवळायची पाचरही जोडीला असावी. मग गाडीचा ब्रेक हलकेच सोडून ट्रेलरचा भार पाचरींवर येऊ द्यावा. तो तिथेच टेकून राहिला, तरच कपलर उघडावा. साखळ्या सर्वांत शेवटी.

पुढची-मागची पातळी दांड्यावरच्या त्याच जॅकने, म्हणजे टंग जॅकने, साधते. माती मऊ असेल तर त्याच्या पायाखाली जाड फळी हवी. बाहेर सरकणारी खोली पातळी जमल्यावरच उघडावी. स्टॅबिलायझर जमिनीला टेकले की आणखी अर्धा वळसा पुरे. ते डुलणे थांबवण्यासाठी असतात. त्यांनी ट्रेलर उचलायला गेले की सांगाडा पिळतो आणि दार चौकटीत अडकू लागते.

फावड्याने जागा सारखी करणे हा उपाय नव्हेच. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाची जागा खणायला किंवा सपाट करायला नियमानेच बंदी आहे. पाचरींऐवजी आसपासचे दगड-ओंडके ओढून आणणे आणि निघताना वाटेतच टाकून जाणे हीही तितकीच वाईट खोड, आणि गर्दीच्या हंगामात ती जागोजागी दिसते. सह्याद्रीत पाठीवर तंबू वाहिलेल्या काहींना ट्रेलरवाले खरे भटके वाटत नाहीत. हा हट्ट निरर्थक आहे: यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या ट्रेलरतळावर ग्रिझली अस्वलांमुळे तंबूला परवानगीच नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही डोंगरातली पहाट पाहायची असते. खरा भटका ओळखायचा तो मागे सोडलेल्या जागेवरून.

निघताना क्रम उलटा. खोली आत घ्यावी, स्टॅबिलायझर उचलावेत, कपलर बॉलवर बसवून खटका पडल्याची खात्री करावी, साखळ्या आणि दिव्यांची तार जोडावी. पाचरी त्यानंतरच काढाव्यात, आणि ट्रेलर ठोकळ्यांवरून उतरला की ठोकळे मोजून आत ठेवावेत.